‘गॅस’ म्हणून आलेली छाती

कॅज्युअल्टीत रात्री येणारा माणूस ‘हार्ट’ हा शब्द स्वतःहून सहसा उच्चारत नाही. ‘गॅस धरलाय’, ‘पित्त उसळलंय’, ‘छातीत भरान इला’, ‘जीव घाबरता’, यातलं काहीतरी सांगतो. घरून निघण्याआधी ओवा चावून झालेला असतो, सोडा पिऊन झालेला असतो, कुणीतरी छातीवर बाम चोळलेला असतो. दुखायला लागलेलं असतं आठ वाजता आणि रिक्षा दारात लागते साडेअकराला. मधले साडेतीन तास ढेकर येण्याची वाट बघण्यात गेलेले असतात.

किनारपट्टीवरच्या छोट्या रुग्णालयात आमचं काम एवढंच: तक्रार ऐकायची, ईसीजीची पट्टी काढायची, हृदयाचं नेमकं काय बिघडलंय ते ओळखायचं आणि माणूस इथे ठेवायचा की घाट चढवून मोठ्या रुग्णालयात पाठवायचा ते ठरवायचं. ‘हृदयविकार’ या एका शब्दाखाली चार-पाच निरनिराळे आजार येतात. त्यांची कारणं वेगळी, औषधं वेगळी, आणि एकाला तारणारी गोळी दुसऱ्याला बुडवू शकते.

‘दुखतंय का?’ असं विचारलं तर बरेच जण ‘नाही’ म्हणतात, आणि ते खरंच सांगत असतात. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं की टोचल्यासारखं क्वचितच दुखतं. आवळल्यासारखं होतं, छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं, नाहीतर नुसतं जळजळतं. म्हणून ‘काका, कुठे होतंय ते हाताने दाखवा’ असं म्हणायचं. एका बोटाने नेमका ठिपका दाखवणारा आणि तिथे दाबल्यावर ‘हां, हयंच’ म्हणणारा बहुधा बरगडीचा किंवा स्नायूचा पेशंट असतो. पट्टी त्याचीही निघतेच. छातीच्या मधोमध मूठ किंवा पुरा तळवा ठेवणारा मात्र आधी कॉटवर, केसपेपर मागाहून. कळ जबड्यात, हातात, पाठीत किंवा बेंबीच्या वर पोटात जात असेल, गार घाम सुटला असेल, उलटी झाली असेल, तर घाई आणखी वाढते. जुना मधुमेह असलेले आणि वयस्क बायका यांच्यात पुष्कळदा छातीची तक्रारच नसते. ‘एकदम हातपाय गळाले’, ‘दम लागला’ एवढंच सांगतात. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने संवेदना पोचवणाऱ्या नसा बोथट झालेल्या असतात, हे त्यामागचं एक कारण.

दुसरा प्रश्न पाखाडीचा, म्हणजे घराकडे चढणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या वाटेचा. शहरात ट्रेडमिलवर चालवून जी परीक्षा घेतात, ती आमच्याकडची माणसं रोज घरी जाता-येता देत असतात. ‘पूर्वी बंदरावरून घरापर्यंत एका दमात चढायचो, आता मध्ये गडग्यावर (दगडी कुंपणावर) बसावं लागतं, दोन-तीन मिनिटांत छाती मोकळी होते’ हे वाक्य अंजायनाचं. हृदयाची एखादी धमनी चरबीच्या थराने साधारण ७० टक्क्यांहून जास्त अरुंद झाली की बसल्या जागी रक्त पुरतं, चढावर पुरत नाही. ‘पाच पायऱ्यांतच होतंय’, ‘आता झोपेतही जाग येते’ असं सुरू झालं तर तो आजार वेगळ्या पायरीवर गेलेला असतो. त्याला ओपीडीची तारीख देत नाहीत, ॲडमिट करतात.

ईसीजीला पाच मिनिटं पुरतात असं म्हणतात. मे महिन्यात आमच्याकडे दहा लागतात. माणूस निथळत असतो, छातीवर बामाचा थर असतो, आणि हृदयाची वीज टिपणाऱ्या रबरी फुग्याच्या वाट्या एकामागोमाग एक सुटून पडतात. आधी स्पिरिटच्या बोळ्याने बाम पुसायचा, मग कोरड्या गॉजने त्वचा किंचित घासायची. केस दाट असतील तर तेवढ्याच जागी रेझर फिरवायचा. जेल प्रत्येक वाटीखाली वाटाण्याएवढीच. घाईत छातीभर फासली तर शेजारशेजारच्या वाट्या त्या थरातून एकमेकींना जोडल्या जातात आणि सहाही आलेख जुळ्या भावंडांसारखे दिसू लागतात. अशी पट्टी टाकून द्यायची आणि पुन्हा काढायची, वाचायचा प्रयत्न करायचा नाही.

हातापायांच्या चिमट्यांचे रंग ठरलेले आहेत: उजव्या हाताला लाल, डाव्याला पिवळा, डाव्या पायाला हिरवा, उजव्याला काळा. छातीवरच्या सहा जागा डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधाव्या लागतात. गळ्याच्या खळग्यातून बोट मधल्या हाडावरून खाली सरकवलं की चार-पाच सेंटीमीटरवर आडवा उंचवटा लागतो. त्याला लागून आहे ती दुसरी बरगडी, तिच्याखालची फट दुसरी. तिथून आणखी दोन फटी खाली उतरलं की चौथी फट. मधल्या हाडाच्या उजव्या कडेला पहिली वाटी, व्ही-१, डाव्या कडेला दुसरी, व्ही-२. मग तिसरी जागा सोडून आधी चौथी घ्यायची: पाचवी फट, कॉलरबोनच्या मध्यावरून सरळ खाली. व्ही-३ म्हणजे दोन आणि चारच्या मधोमध. व्ही-५ आणि व्ही-६ चौथीच्याच आडव्या पातळीत, एक काखेच्या पुढच्या कडेच्या रेषेवर, दुसरी काखेच्या मध्यरेषेवर. बायकांच्या बाबतीत चौथी ते सहावी वाटी स्तनाच्या खाली जाते. पडदा ओढून, चादर देऊन, सिस्टरच्या हातून हे नीट होतं. संकोचापायी वाट्या वर कुठेतरी ठेवल्या तर पट्टी खोटं बोलते. पहिल्या दोन वाट्या एक-दोन फटी वर बसल्या की धडधाकट माणसाच्या पट्टीत जुना अटॅक दिसू शकतो. हातांचे चिमटे आलटापालट झाले तर हातापायांच्या आलेखांतला पहिला उलटा पडतो आणि त्यांतलाच एव्हीआर, जो एरवी खाली तोंड करून असतो, तो वर बघू लागतो. असं दिसलं की घाबरण्याआधी मनगटं तपासायची.

कागद सेकंदाला २५ मिलिमीटर धावतो. उंचीचे १० मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. बघायचं मुख्यतः एकच असतं: ठोक्याच्या टोकानंतरची सपाट रेघ जागेवर आहे, वर उचलली आहे की खाली बसली आहे. शेजारच्या दोन आलेखांत ती एक मिलिमीटर किंवा जास्त उचललेली असेल (व्ही-२, व्ही-३ मध्ये पुरुषांसाठी निकष साधारण दोन मिलिमीटर), तर धमनी पुरती बंद झाल्याचं धरून चालायचं. व्ही-१ ते व्ही-४ उचलले तर हृदयाची पुढची भिंत. हातापायांच्या आलेखांतले दुसरा, तिसरा आणि एव्हीएफ उचलले तर खालची भिंत. खालच्या भिंतीचा अटॅक पोटात कळ, मळमळ, ओकारी घेऊन येतो. गॅस म्हणून सर्वांत जास्त फसवतो तो हाच.

आणि इथेच सॉर्बिट्रेटचा, म्हणजे छाती दुखली की जिभेखाली ठेवतात त्या गोळीचा, घोळ होतो. खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये उजवा कप्पाही तडाख्यात सापडलेला असू शकतो. त्या अवस्थेत हृदय परत येणाऱ्या रक्ताच्या भरवशावर चाललेलं असतं. सॉर्बिट्रेट शिरा सैल करतं, परतणारं रक्त घटतं, आणि बोलत असलेला माणूस बघता बघता पांढराफटक पडतो. त्यामुळे खालची भिंत दिसली की चौथी वाटी छातीच्या उजव्या बाजूला, आरशातल्यासारख्या जागी लावून आणखी एक पट्टी काढतो. तिथे रेघ उचललेली असेल किंवा वरचं प्रेशर शंभराच्या खाली असेल, तर सॉर्बिट्रेटला हात लावत नाही. लैंगिक शक्तीची गोळी गेल्या एक-दोन दिवसांत घेतली आहे का, हेही नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारावंच लागतं. त्या गोळीवर सॉर्बिट्रेट दिलं तर प्रेशर तसंच कोसळतं. शेजाऱ्याच्या डबीतली गोळी ‘असू दे’ म्हणून जिभेखाली ठेवण्याची पद्धत यासाठी वाईट. साधी ॲस्पिरिन, ३०० ते ३५० मिलिग्रॅम, गिळायची नाही तर चावायची, ती मात्र वाटेतच दिली तर फायद्याची; ॲलर्जी, रक्ताची उलटी, काळं शौच किंवा तोंड वाकडं झाल्याची खूण नसेल तर.

पहिली पट्टी सरळ आली म्हणून माणूस घरी जात नाही. दुखणं चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी दुसरी, मग तिसरी. ट्रोपोनिनची रक्तचाचणी अटॅकनंतर काही तासांनी वर येते. अर्ध्या तासात केलेली चाचणी ‘निगेटिव्ह’ आली, तर तिचा अर्थ एवढाच की पुन्हा करायची.

‘महिन्यापूर्वी सगळी तपासणी नॉर्मल होती’ असं चिडून सांगणारे भाऊ किंवा मुलगे असतातच. तपासणी खोटी नव्हती. ट्रेडमिल अरुंद झालेली वाट दाखवते. अटॅक मात्र पुष्कळदा अशा ठिकाणी येतो जिथे धमनी निम्मीही भरलेली नसते. चरबीचा मऊ गोळा आणि त्यावर पातळ आवरण असतं. ते फाटतं, आतला ऐवज रक्ताला लागतो, शरीर त्याला जखम समजून गुठळी बांधतं, आणि काही मिनिटांत वाट बंद. आवरण कमकुवत करण्यात तंबाखूचा, साखरेचा, प्रेशरचा आणि वाढलेल्या एलडीएलचा (वाईट कोलेस्टेरॉलचा) हात असतो. इथे एक नोंद करावीशी वाटते. ‘विडी-सिगरेट?’ असं विचारलं की बायका ‘छे!’ म्हणतात, आणि मिश्रीचा डबा घरी असतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटीन हिरडीतून रक्तात जातं. त्यामुळे ‘आजी, दात कशानं घासतास?’ हा प्रश्न आमच्या हिस्टरीत पक्का आहे. नारळाबद्दल लोक स्वतःहून विचारतात. खोबरेल तेलातली बहुतेक चरबी संतृप्त असते आणि एलडीएल वाढवते, हे खरं; माशाच्या कढीतल्या वाटीभर वाटपाचा हिशेब वेगळा. पण मिश्री चालू ठेवून नारळ सोडलेली माणसं पाहिली की हसावं की रडावं कळत नाही.

धमनी बंद ठरली की घड्याळ. सर्वांत चांगला उपाय अँजिओप्लास्टी, म्हणजे तार घालून बंद धमनी आतून उघडणं, पण निदान झाल्यापासून १२० मिनिटांत तार धमनीतून पार होणार असेल तर. सावंतवाडीकडून गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय गाठता येतं. कणकवलीहून फोंडा घाटाने कोल्हापूर म्हणजे अडीच-तीन तास, रत्नागिरीहून आंबा घाटानेही तसंच, आणि जुलैत दरड आली तर हिशेबच संपला. म्हणून बहुतेक किनारपट्टीला आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, मग प्रवास, हाच क्रम परवडतो. दुखणं सुरू होऊन १२ तासांच्या आत ते देता येतं, पण पहिल्या तीन तासांत जे मिळतं ते नंतर मिळत नाही.

इंजेक्शनआधीचे प्रश्न कागदावर छापलेले आहेत आणि एकही गाळायचा नाही. मेंदूत कधी रक्तस्राव झाला होता का, अलीकडच्या महिन्यांत लकवा, डोक्याला मार, मोठं ऑपरेशन, चालू असलेला रक्तस्राव. कळ पाठीत फाडत गेल्यासारखी आहे का आणि दोन्ही हातांच्या प्रेशरमध्ये मोठा फरक आहे का, कारण तेव्हा महाधमनीच फाटत असू शकते. प्रेशर १८०/११० च्या वर असेल तर ते आधी उतरवायचं. इंजेक्शन टेनेक्टेप्लेज असेल तर वजनाप्रमाणे ३० ते ५० मिलिग्रॅम, एकाच दमात शिरेतून; पंचाहत्तरीच्या पुढे डोस निम्मा करतात. स्ट्रेप्टोकायनेज असेल तर १५ लाख युनिट, अर्ध्या ते एका तासात सलाइनमधून. ते धावत असताना प्रेशर पडतं. थेंब हळू करायचे, पाय उंच करायचे, बहुतेकदा सावरतं. सोबत ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम (पंचाहत्तरीपुढे ७५), ॲटोर्व्हास्टॅटिन ८०, आणि हेपरिन.

खरा वेळ सहीत जातो. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका शंभरात साधारण एकाला असतो, तो सांगावाच लागतो. तो ऐकला की घरची मंडळी ‘मुंबैक फोन लावतंव’ म्हणून बाहेर जातात. मुंबईतला मुलगा एका ओळखीच्या डॉक्टरला विचारतो, तो आणखी कुणाला. वीस मिनिटं अशी जातात आणि तेवढ्या वेळात स्नायू मरत राहतो. हल्ली आम्ही पट्टीचा फोटो आणि तीन वाक्यं आधीच मोबाइलवर पाठवून देतो आणि त्या मुलाशी थेट बोलतो. काम निम्म्या वेळात होतं.

इंजेक्शननंतर ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा पट्टी. उचललेली रेघ निम्म्याहून जास्त खाली आली, दुखणं थांबलं, तर वाट उघडली. न आली तर अँजिओप्लास्टीसाठी तातडीने निघायचं. आली तरी पुढच्या २ ते २४ तासांत अँजिओग्राफी हवीच, कारण गुठळी गेली तरी फाटलेली जागा तिथेच आहे. १०८ ला फोन इंजेक्शन भरतानाच झालेला असतो. रेशनकार्ड आणि आधार सोबत द्यायला सांगतो, महात्मा फुले योजनेत नाव लावायला तिथे लागतात. ते आणायला मागे थांबलेला भाऊ दुसऱ्या गाडीने येऊ दे, पेशंट थांबवायचा नाही.

आता धाप. पावसाळ्यात ‘दमा वाढला’ म्हणून पंप मारत येणाऱ्यांत काही हृदयाचे असतात. उशा मोजायच्या: एका उशीवरून दोन, दोनवरून तीन, आणि आता भिंतीला टेकून बसून रात्र काढतो. आडवं झाल्यावर पायांतलं पाणी रक्तात परततं, कमजोर हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही, फुप्फुसं भरतात. पायावर बोट दाबलं की खळगा राहतो. जुना अटॅक, वर्षानुवर्षं न पाळलेलं प्रेशर, खराब झडप, दारू, ही त्याची मुख्य कारणं. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) डाव्या कप्प्याची पंपाची शक्ती ४० टक्क्यांच्या खाली आली की औषधांची यादी बदलते; शक्ती चांगली असूनही कप्पा कडक झाल्याने धाप लागू शकते, ती वयस्क आणि प्रेशरवाल्या बायकांत जास्त.

औषधं लिहून दिलेला असा माणूस महिन्याभरात परत सुजून आला, तर शोध स्वयंपाकघरातच लागतो. ‘मीठ कमी केलंय’ हे खरंच असतं, कारण वरून घ्यायचं बंद केलेलं असतं. पण सुका बांगडा मिठातच वाळतो. लोणचं, पापड, खारातली कैरी. आणि आगळ! कोकमाचा रस मीठ घालूनच टिकवतात, त्याची रोज दोन पेले सोलकढी ‘थंड असते’ म्हणून चालू असते. दिवसाचं सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चहाचा चमचा. त्यात हे सगळं मोजायचं. दुसरा चोर म्हणजे गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मीठ-पाणी धरून ठेवतात, मूत्रपिंडालाही त्रास देतात. रोज सकाळी संडासाला जाऊन आल्यावर, चहाआधी, त्याच काट्यावर वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावर धरलेलं नाही, पाणी आहे, फोन करायचा. गणपतीत मुंबईहून येताना गोळ्यांचा डबा तिकडेच राहिलेले चाकरमानीही याच वाटेने येतात.

तिसरी तक्रार धडधडीची. नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय इथे उपयोगाची नाही. पूर्ण मिनिट धरायची. ठोके लहानमोठे आणि अंतर बेभरवशाचं असेल तर बहुधा एट्रियल फिब्रिलेशन. वरचा कप्पा नुसता थरथरतो, रक्त कोपऱ्यात साकळतं, गुठळी निसटून मेंदूत जाते. अशा माणसाची पहिली ओळख कधी कधी लकव्यानेच होते. म्हातारपण, प्रेशर, थायरॉइड ही कारणं आहेत. तरुण बाई असेल तर आम्ही आधी झडप ऐकतो.

कारण बालपणीचा घसा. ठरावीक जिवाणूंनी घसा दुखला, औषध अर्धवट झालं, की दोन-चार आठवड्यांनी ताप येतो, मोठे सांधे आळीपाळीने सुजतात. सांधे बरे होतात, झडपेवर वण राहतो. वर्षानुवर्षं ती जाड आणि अरुंद होत जाते, आणि कळतं गरोदरपणी, कारण तेव्हा रक्ताचं प्रमाण जवळपास दीडपट होतं आणि ते अरुंद दारातून जाईना होतं. पाचव्या-सहाव्या महिन्यात जिना चढताना लागणारी धाप नेहमीच ‘पोटुशीपणाची’ नसते.

हा ताप एकदा झालेल्याला दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिन, १२ लाख युनिट (लहान मुलांना वजनाप्रमाणे ६ लाख), वर्षानुवर्षं. औषध दह्यासारखं दाट. विरघळत नाही, तरंगतं. बाटली हलवून लगेच ओढायचं आणि लगेच टोचायचं, दोन मिनिटं ठेवलं की सुई तुंबते. सुई २१ नंबरची, कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात, खोल, हळूहळू. उपाशीपोटी नाही, झोपवून, आणि नंतर अर्धा तास बाकावर. दुखतं म्हणून मुलं चुकवतात. एकविसाचा पंचेचाळीसावा दिवस झाला की मधे संरक्षण उरत नाही.

झडप अशी अरुंद आणि ठोका अनियमित असेल तर वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम, या रक्त पातळ ठेवणाऱ्या जुन्या गोळ्या. त्यांच्या जागी आलेल्या नव्या गोळ्या या जोडीला चालत नाहीत. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, दोन ते तीनच्या मधे ठेवायचा. आषाढ-श्रावणात तो हमखास घसरतो: टाकळा, भारंगी, शेवग्याचा पाला ताटात एकदम वाढतो, पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व गोळीविरुद्ध काम करतं. भाजी बंद करायची नाही, वर्षभर साधारण तेवढीच ठेवायची, आणि त्या दिवसांत तपासणी लवकर करायची.

कुठल्याही कारणाने आलेला असो, घरी जाताना प्रत्येकाला त्याची पट्टी देतो. पुढच्या वेळी नव्या पट्टीतला बदल जुना की आजचा, हे ठरवायला तिच्यासारखं काही नाही. फक्त तो कागद उष्णतेने उमटणारा असतो. आमच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत अक्षरं पुसट होतात. मोबाइलमध्ये फोटो घ्यावा, साधी झेरॉक्स काढून फाइलला लावावी. लॅमिनेशन मात्र करू नये. गरम रुळांतून ती पट्टी अख्खी काळी होऊन बाहेर येते.